भांडारातील नवे आणि जुने

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका लग्नघरी मी आदल्या रात्री आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. मांडव पाहुण्यांनी भरला होता, ध्वनिवर्धकावर गाणी वाजत होती आणि अचानक वीज गेली. क्षणभर सारे स्तब्ध झाले. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या, ऐंशीच्या घरातील एका आजीने अंधारातच जुने लग्नगीत धरले. तिच्या वयाच्या दोघीतिघींनी साथ दिली. चारपाच कडवी झाल्यावर आजीने एक कडवे असे म्हटले, की मांडवात हशा पिकला. त्यात नवरीचे नाव होते, तिची मुंबईतली नोकरी होती, सकाळची गच्च भरलेली लोकल होती आणि ती लोकल चुकल्यावर वाट पाहणारा नवरदेवही होता. चाल जुनी, मांडणी जुनी आणि आशय मात्र त्या रात्रीचा! तरुण मुलींनाही गावेसे वाटत होते. परंतु मोबाइलचा उजेड पाडून त्या गाण्यांचे शब्द शोधत राहिल्या. शब्द सापडेपर्यंत वीज आली.

निघताना मी आजीला विचारले, "आजी, ते लोकलचे कडवे केव्हा रचलेत?" त्या म्हणाल्या, "रचलं कुठं, फादर? जुनी गाणी पोटात होती, त्यांतूनच ते वर आलं."

आजींचे हे उत्तर मी अनेक दिवस मनात घोळवत होतो. आपण सामान्यतः असे मानतो, की स्मरणशक्ती ही एक गोष्ट आणि प्रतिभा ही दुसरी. स्मरण जुन्याला धरून ठेवते, प्रतिभा नव्याला जन्म देते. पाठांतर करणारा पोपट आणि नवे सुचणारा कलावंत, अशी आपण मनोमन विभागणी केलेली असते. परंतु ख्रिस्ती विचारपरंपरेचा इतिहास चाळला, तर दिसते की हजार-दीड हजार वर्षे आपल्या पूर्वसूरींना ही विभागणी मान्य नव्हती. त्यांच्या लेखी स्मृती ही अडगळीची खोली नव्हती. ती नवविचारांची कार्यशाळा होती. तो इतिहास आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सापडणे आणि सुचणे

प्राचीन ग्रीकांनी काव्य, संगीत, इतिहास इत्यादी कलांच्या नऊ देवता मानल्या होत्या आणि त्या नऊ जणींची आई म्हणजे स्मृतिदेवता निमॉसिनी. ही केवळ कथाच आहे. तथापि कलेचा जन्म स्मृतीच्या पोटी होतो, ही त्या समाजाची धारणा तिच्यातून स्पष्ट होते.

दुसरी कथा सिमोनिडीस या ग्रीक कवीची. तो इ. स. पूर्व सहाव्या-पाचव्या शतकांत होऊन गेला. रोमन वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व 55 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ती सांगितली आहे. एका मेजवानीच्या वेळी सिमोनिडीस काही कारणाने बाहेर गेला असता दालनाचे छत कोसळले आणि आतील सर्वजण ठार झाले. प्रेते ओळखता येईनात. तेव्हा कोण कोठे बसले होते हे डोळ्यांपुढे आणून सिमोनिडीसने प्रत्येकाची ओळख पटवून दिली. यावरून त्याच्या ध्यानी आले, की स्मरणाचा प्राण क्रमात आणि जागेत आहे. ज्या गोष्टी लक्षात ठेवायच्या त्यांची मनात चित्रे करावीत, ती चित्रे ओळखीच्या वास्तूतील ठरलेल्या जागी ठेवावीत आणि मनानेच त्या वास्तूतून फिरून ती उचलावीत. पुढे हाच 'स्मृतिप्रासाद' म्हणून प्रसिद्ध झाला.

रोमन वक्तृत्वशास्त्राची पाच अंगे होती. त्यांतील पहिले 'इन्व्हेन्शिओ', म्हणजे काय बोलावे ते शोधून काढणे, आणि चौथे 'मेमोरिया', म्हणजे स्मरण. 'इन्व्हेन्शिओ' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ 'सापडणे' असा आहे. इंग्रजीत नव्या शोधाला आणि घरातील वा दुकानातील वस्तूंच्या नोंदवहीला जे दोन शब्द वापरतात, ते दोन्ही याच एका धातूपासून आले आहेत. ज्याच्या भांडारात काही साठवलेले आहे आणि काय कोठे ठेवले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच काही 'सापडणार'. आपल्या मराठीतील 'सुचणे' या क्रियापदातही हेच मर्म आहे. मी सुचवून घेतो, असे आपण म्हणत नाही. मला सुचते, असे म्हणतो. कोठून तरी ते येते. ते कोठून येते, हाच खरा प्रश्न.

संत ऑगस्टीन : विचार म्हणजे वेचणे

या प्रश्नाचा मागोवा सर्वांत खोलवर घेतला तो संत ऑगस्टीनने. धर्मांतरापूर्वी तो वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. त्यामुळे स्मरणविद्येचा त्याचा अभ्यास पक्का होता. त्याच्या एका मित्राला व्हर्जिलचे महाकाव्य उलट्या क्रमानेही म्हणून दाखवता येत असे, अशी आठवण त्याने नोंदवली आहे. इ. स. 397 ते 400 च्या सुमारास लिहिलेल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाचे दहावे प्रकरण बव्हंशी स्मृतीच्या चिंतनाला वाहिलेले आहे.

तेथे स्मृती त्याला विस्तीर्ण मैदानांसारखी आणि भव्य महालांसारखी दिसते. त्या महालात आकाश आहे, समुद्र आहे, पूर्वी भोगलेले सुखदुःख आहे आणि तेथेच त्याची स्वतःशी गाठ पडते. पण तो येथेच थांबत नाही. साठवलेल्या गोष्टी निरनिराळ्या रीतीने जुळवून आपण त्यांतून भविष्यातील कृती आणि आशा यांची चित्रे रंगवतो, असे तो दाखवून देतो. म्हणजे उद्याचे चित्रही कालच्या रंगांनीच काढले जाते.

याच प्रकरणात त्याने एका शब्दाची फोड केली आहे. लॅटिनमध्ये विचार करणे याला 'कोगितारे' म्हणतात. ऑगस्टीन हा शब्द 'गोळा करणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जोडतो. मनात विखुरलेले पुन्हा वेचून एकत्र आणणे, म्हणजे विचार करणे. शून्यातून निर्माण करण्याचे सामर्थ्य एकट्या परमेश्वराचे. मनुष्याला जे दिले आहे ते वेचायचे आणि नव्याने गुंफायचे. येथे एक प्रकारची नम्रता आहे. 'हे सर्वस्वी माझे' असे कोणताही ख्रिस्ती लेखक म्हणू शकत नाही, कारण त्याच्या हातातील प्रत्येक धागा कोणीतरी आधी कातलेला असतो.

मठांतील रवंथ

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्यानुसार दीडशेच्या दीडशे स्तोत्रे प्रत्येक आठवड्यात म्हणून पूर्ण व्हावयाची. आठवड्यामागून आठवडे, वर्षांमागून वर्षे हा क्रम चालला, की ती स्तोत्रे मुखोद्गत होणारच. पण मुखोद्गत होणे हे साध्य नव्हते. मठवासी वाचनाला खाण्याची उपमा देत आणि मननाला 'रवंथ' म्हणत. गाय दिवसा चरते आणि सावलीत बसून चघळते. तसे वाचलेले वचन ओठांवर घोळवत शेतात काम करायचे. त्या रवंथातून एक वचन दुसऱ्या वचनाला हाक देई. उत्पत्तीच्या पुस्तकातील पाणी आणि योहानाच्या शुभवर्तमानातील पाणी यांची एकाच मनात भेट होई आणि नवे चिंतन जन्मास येई.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे क्लेर्व्होचा संत बर्नार्ड. त्याने 1135 पासून 1153 साली मृत्यू येईपर्यंत 'गीतरत्न' या पुस्तकावर 86 प्रवचने रचली. अठरा वर्षांत तो त्या छोट्याशा पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच पोचला! एकेका शब्दापाशी तो थबकत असे. कारण त्या शब्दाबरोबर त्याच्या स्मरणातील स्तोत्रे, संदेष्टे, शुभवर्तमाने धावून येत. त्याच्या प्रवचनांत बायबलमधील शब्द इतके मिसळून गेले आहेत, की त्याचे शब्द कोठे संपतात आणि पवित्र शास्त्राचे कोठे सुरू होतात, हे सांगणे कठीण. तरीही ती प्रवचने वाचून हे बर्नार्डचेच, असे कोणीही ओळखावे.

बर्नार्डचा समकालीन, पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातील ह्यू (मृत्यू 1141), हा तर मुलांचा शिक्षक. आपल्या लहान विद्यार्थ्यांसाठी त्याने एक प्रस्तावना लिहिली, तिच्यात तो सांगतो, की ज्ञान हा खजिना आहे आणि तुमचे हृदय ही त्याची पेटी. तो सराफाच्या थैलीचा दाखला देतो. थैलीला वेगवेगळे कप्पे असल्यामुळे सराफाचा हात हव्या त्या नाण्यावर नेमका पडतो. सगळी नाणी एकत्र कोंबली, तर गोंधळच होणार. स्तोत्रे शिकताना मनात एक ते दीडशे आकड्यांची ओळ मांडावी आणि प्रत्येक आकड्याखाली त्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द ठेवावेत. मग प्रत्येक स्तोत्रातील ओव्यांसाठी तशीच लहान ओळ मांडावी. नेहमी एकाच प्रतीतून पाठ करावे. अक्षरांचा रंग, त्यांचा आकार, ओळ पानाच्या वर आहे की खाली, हे सारे मनावर ठसू द्यावे, असे तो बजावतो.

हे वाचताना मला माझ्या आईचे जुने प्रार्थनापुस्तक आठवले. तिला कोणती प्रार्थना कोणत्या पानावर, कोणत्या डागाजवळ आहे ते डोळे मिटून सांगता येत असे. ह्यूचे नाव तिने कधी ऐकले नव्हते. पण ती त्याच शाळेतील होती.

संत थॉमस अक्वायनस : स्मृती आणि शहाणपण

तेराव्या शतकात स्मृतीला अधिक वरचे स्थान दिले ते संत थॉमस अक्वायनसने. डॉमिनिकन संघात जाण्याचा त्याचा निश्चय मोडून काढण्यासाठी घरच्यांनी त्याला 1244 ते 1245 च्या सुमारास सुमारे वर्षभर कोंडून ठेवले. त्या काळात त्याने बायबल मुखोद्गत केले, असे त्याचे प्राचीन चरित्रकार सांगतात. पुढे तो एकाच वेळी तीनचार लेखनिकांना निरनिराळ्या विषयांवर मजकूर सांगत असे, अशी साक्ष त्याच्या सहवासातील मंडळींनी दिली आहे. पोप चौथा अर्बन याच्या विनंतीवरून त्याने चारही शुभवर्तमानांवर धर्मपित्यांची वचने गुंफून एक भाष्य सिद्ध केले. ते 'सुवर्णसाखळी' या नावाने ओळखले जाते. निरनिराळ्या मठांतील पोथ्या वाचून आणि स्मरणात ठेवून त्याने त्यातील बरीचशी वचने घेतली, असे परंपरा सांगते. साखळीतील कडी इतरांच्या. साखळी मात्र थॉमसची.

आपल्या 'सुम्मा'मध्ये त्याने स्मृतीची चर्चा कोठे केली आहे, हे लक्षणीय आहे. ती बुद्धिकौशल्याच्या प्रकरणात नाही. सद्गुणांच्या प्रकरणात आहे. प्रज्ञा अथवा व्यवहारशहाणपण या सद्गुणाच्या घटकांत त्याने पहिले स्थान स्मृतीला दिले. प्रज्ञा पुढचे पाहते, मग तिला मागच्याचे काय काम? थॉमसचे उत्तर साधे आहे : जे घडून गेले त्यावरूनच जे घडावयाचे आहे त्याचा अंदाज बांधता येतो. स्मरण दृढ करण्यासाठी तो चार गोष्टी सांगतो. थोडी आगळीवेगळी चित्रे योजावीत. त्यांना क्रम द्यावा. ज्याचे स्मरण ठेवायचे त्याविषयी आस्था बाळगावी आणि त्याचे वारंवार मनन करावे. यातील तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आस्था नसेल, तर चित्रे आणि क्रम यांचा काहीही उपयोग नाही.

गोव्यातील दोन धर्मगुरू

आता आपल्या भूमीकडे वळू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस येशूसंघाचे दोन तरुण काही काळ एकाच वेळी गोव्यात होते. एक इटलीतील माचेराता गावचा मातेओ रिच्ची. तो 1578 च्या सप्टेंबरात गोव्यात उतरला. दुसरा इंग्लंडचा थॉमस स्टीफन्स. तो 1579 च्या ऑक्टोबरात आला. दोघांचीही जडणघडण रोममध्ये, अभिजात लॅटिन साहित्य आणि वक्तृत्वशास्त्र यांच्या अभ्यासात झाली होती. रिच्चीला 1580 मध्ये कोचीन येथे गुरुदीक्षा मिळाली आणि 1582 मध्ये तो गोवा सोडून चीनकडे निघाला. स्टीफन्स 1619 मध्ये मरण येईपर्यंत गोव्यातच राहिला.

रिच्चीची स्मरणशक्ती चीनमध्ये दंतकथा बनली. नानचांग शहरात 1595 साली त्याने विद्वानांसमोर चारपाचशे चिनी अक्षरांची असंबद्ध यादी एकदा वाचून घडाघडा म्हणून दाखवली आणि लगोलग शेवटाकडून आरंभाकडे उलटी म्हणून दाखवली! तेथील राज्यपालाला तीन मुलगे होते आणि ते सरकारी परीक्षांची तयारी करीत होते. त्यांच्यासाठी रिच्चीने 1596 मध्ये स्मरणविद्येवर चिनी भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. थोरल्या मुलाने ते मन लावून वाचले आणि अभिप्राय दिला, की हे नियम खरे आहेत. पण ते वापरायचे तर मुळातच स्मरणशक्ती उत्तम हवी!

त्या मुलाच्या बोलण्यात तथ्य होते. केवळ तंत्राने फारसे साधत नाही. चीनच्या विद्वानांना रिच्चीकडे खऱ्या अर्थाने ओढून नेले ते त्याच्या दुसऱ्या पुस्तकाने. नानचांगमधील एका राजपुत्राने त्याला विचारले, की तुमच्या पश्चिमेकडील लोक मैत्रीविषयी काय म्हणतात? त्यावर त्याने 1595 मध्ये मैत्रीवरील वचनांचा लहानसा ग्रंथ चिनी भाषेत लिहिला. प्रास्ताविकात तो म्हणतो, की तरुण वयापासून जे ऐकले होते तेच मी संकलित केले. सामग्री जुनी, ग्रीक आणि रोमन. परंतु चिनी भाषेत, चिनी वचनांच्या धाटणीने ती मांडताना एक सर्वस्वी नवी वस्तू निर्माण झाली. युरोपातील कोणी ती लिहिली नसती आणि चीनमधील कोणाला ती लिहिता आली नसती. दोन स्मृती एका मनात एकत्र नांदल्या, तेव्हाच ते घडले.

स्टीफन्सची कथा आपल्याला अधिक जवळची आणि अधिक वेदनेचीही आहे. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने देवळे पाडली गेली, हिंदूंचे धर्मग्रंथ जप्त करण्यात आले, नष्ट करण्यात आले. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्याकडून त्यांची पुराणे, त्यांची गाणी, त्यांच्या रात्री जागवणाऱ्या कथा काढून घेतल्या गेल्या. हा आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा भाग आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. एका समाजाची स्मृती काढून घेतली, की त्याची वाचाच जाते. प्रश्नोत्तरे पाठ करून माणूस प्रश्नांना उत्तरे देऊ शकतो. त्याला गाता येत नाही.

ही उणीव स्टीफन्सने ओळखली. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक ब्राह्मण धर्मगुरूकडे मागणी करतो, की आमच्या पुराणांना मनाई केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरी पुराणे द्या. या मागणीला दिलेले उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. त्याची पहिली आवृत्ती रायतूर येथे 1616 मध्ये छापली गेली. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात नवा. स्टीफन्सच्या स्मृतीत बायबल होते, लॅटिन काव्य होते. त्यावर त्याने वर्षानुवर्षे कान देऊन मराठी ओवीची लय साठवली. संतांच्या आणि पुराणिकांच्या शब्दकळेचे पाणी त्याच्या मनात झिरपू दिले. म्हणूनच त्याच्या ओवीत स्वर्ग 'वैकुंठ' होऊन येतो आणि तरीही कथा प्रभू येशूचीच राहते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने मराठी भाषेची थोरवी गावी आणि मराठी माणसाने ती शतकानुशतके मिरवावी, हा चमत्कार दोन स्मृतींच्या संगमाचा आहे.

पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषा मोडीत काढण्याचा हुकूम काढला. 'ख्रिस्तपुराणा'च्या 1616, 1649 आणि 1654 या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण गोव्यातून कानडा मुलुखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हस्तलिखितांत आणि कंठांत सांभाळला. मंगळूर येथे 1907 साली जे. एल. सालढाणा यांनी तो पुन्हा छापून प्रसिद्ध केला, तो अशा हस्तलिखितांच्या आधारावर. पुस्तके नष्ट होतात; गाणारी माणसे उरली, तर पुस्तक पुन्हा जन्म घेते.

घोकंपट्टी नव्हे

येथे कोणी म्हणेल, "फादर, मग मुलांना पुन्हा घोकंपट्टीला लावायचे काय?" मुळीच नाही. घोकंपट्टी आणि स्मरण यांत चरणे आणि रवंथ करणे यांइतके अंतर आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ओतून मोकळे व्हायचे म्हणून जे पाठ केले जाते, ते मनात राहातही नाही आणि फळतही नाही. मध्ययुगीन गुरूंना हा फरक चांगला ठाऊक होता. सरळ किंवा उलट म्हणून दाखवणे हा त्यांच्या दृष्टीने पाया होता. इमारत म्हणजे साठवलेल्यातून हवे ते निवडून नवी जुळणी करण्याची क्षमता.

ग्रंथही स्मृतीचे शत्रू नव्हेत. तेराव्या शतकात पॅरिसच्या डॉमिनिकन गुरूंनी बायबलची पहिली शब्दसूची तयार केली, तेव्हा वचन शोधणे सोपे झाले. पंधराव्या शतकात छपाई आली आणि ते आणखी सोपे झाले. आज तर हातातील यंत्र क्षणात हवे ते वचन पुढे ठेवते. हे सारे उपकारकच आहे. परंतु यंत्र जे शोधायला सांगावे तेच शोधते. काय शोधायचे, हे मात्र मनात आधीच साठलेले असावे लागते. त्या लग्नघरातील मुलींना गीत हवे होते. ते कोणते, याची एक ओळही ओठांवर नव्हती.

आपल्याच भाषेतील बहिणाबाई चौधरी (1880 ते 1951) यांचे उदाहरण आठवावे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या ओव्या रचीत. जात्यावरच्या परंपरेने कानात रुजवलेली लय त्यांच्यापाशी होती. डोळ्यांपुढे शेत, घर आणि संसार होता. त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेव यांनी ती गाणी उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. निरक्षर स्त्रीच्या स्मृतीतून मराठी कवितेला मिळालेले हे नवे धन होय.

आधुनिक विज्ञानही याच दिशेने बोट दाखवते. लंडनमधील संशोधकांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूतील 'हिप्पोकॅम्पस' या भागाला इजा झाल्यामुळे ज्यांची स्मृती गेली होती, अशा पाच रुग्णांना त्यांनी कल्पनेने एखादे नवे दृश्य रंगवायला सांगितले : समजा, तुम्ही सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात, काय दिसते, सांगा. बहुतेकांना ते नीटसे जमेना. तुकडे दिसत, सलग चित्र उभे राहत नसे. स्मृती गेली आणि तिच्याबरोबर कल्पनाही लंगडी झाली. ऑगस्टीनने सोळा शतकांपूर्वी आत्मनिरीक्षणाने जे जाणले, त्याला प्रयोगशाळेतून असा दुजोरा मिळाला.

एक कबुली द्यायला हवी. धर्मगुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तयार प्रवचनांच्या पुस्तकांतून उतारे घेऊन प्रवचने करीत असे. ती निर्दोष असत आणि निर्जीवही. एकदा एका तरुण मुलाच्या अंत्यविधीच्या वेळी माझा कागद घरीच राहिला. वेदीसमोर उभा राहिलो आणि मनात काहीच सापडेना. दुःखाने पिचलेल्या त्या कुटुंबापुढे मी चार शिष्टाचाराची वाक्ये बोललो आणि खाली बसलो. नंतर दफनभूमीत मुलाच्या आजोबांनी तेविसावे स्तोत्र आठवणीने म्हटले. मेंढपाळाचा उल्लेख येताच ते थांबले आणि नातू लहानपणी शेळ्यांमागे कसा धावायचा, ते सांगू लागले. ते माझ्या आजवर ऐकण्यात आलेले सर्वोत्तम प्रवचन होते. त्या दिवसापासून मी रोज एक स्तोत्र पाठ करण्यास आरंभ केला. अजूनही सगळी झालेली नाहीत.

मरियेचा मार्ग

आपल्या परंपरेत या साऱ्याचा आदर्श नाझरेथच्या एका तरुणीने घालून दिला आहे. एलिझाबेथच्या घरी मरियेच्या मुखातून जे स्तोत्र बाहेर पडले, ते वरवर पाहता उत्स्फूर्त. पण शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील दुसऱ्या अध्यायात हन्नेचे गीत आहे, ते शेजारी ठेवून वाचा. गर्विष्ठांचा पाडाव, दीनांचा उद्धार, भुकेलेल्यांना अन्न, हे सारे तेथे आहे. स्तोत्रसंहितेचे प्रतिध्वनीही आहेत. जुन्या कराराची गाणी तिच्या मनात जिवंत असल्यावाचून हे घडणे शक्य नाही. आणि तरीही मरियेचे स्तोत्र तिचेच आहे, कारण तिच्या उदरात जे घडत होते ते कधी कोणाच्या बाबतीत घडले नव्हते. संत लूक पुढे सांगतो, की ती सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन करीत असे. ठेवणे आणि मनन करणे : स्मृतीच्या साऱ्या शास्त्राचे सार या दोन क्रियापदांत आले.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना माझे नम्र आवाहन आहे. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांची लग्नगीते, त्यांच्या प्रार्थना, त्यांच्या गोष्टी मुलांच्या कानांवर पडू द्या. त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, हे उत्तमच. परंतु यंत्रात ठेवलेले गीत नवे कडवे प्रसवत नाही, ते मनुष्याच्या मनातच प्रसवते. संध्याकाळच्या जपमाळेनंतर दहा मिनिटे एक स्तोत्र, एक ओवी, एक जुने गाणे सर्वांनी मिळून म्हणावे. अर्थ विचारावा, चुकले तर हसावे आणि पुन्हा म्हणावे. त्यातून उद्याचा एखादा कवी, शिक्षक वा प्रवचनकार तयार होईल की नाही, ते परमेश्वर जाणे. पण वीज जाईल त्या रात्री ते घर मुके राहणार नाही.

प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याचा शिष्य झालेल्या शास्त्र्याला एका गृहस्थाची उपमा दिली आहे. तो गृहस्थ आपल्या भांडारातून नवे आणि जुने असे दोन्ही बाहेर काढतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ती उपमा वाचताना मला आता ओट्यावरची ती आजी दिसते. नवे काढण्यासाठीही तिला त्याच भांडाराचे दार उघडावे लागले होते.